महापे ते हायकोर्ट: न्यायाधीश होण्याचा खर्च किती?

मुलाला किंवा मुलीला न्यायाधीश व्हायचंय म्हटलं की घरात आधी चौकशी होते ती क्लासच्या फीची. या वाटेवरचं सरकारी शुल्क मात्र फारच थोडं आहे. खरा खर्च सुरू होतो वकिलीची सनद हातात पडल्यावर, आणि त्याची पावती कुणी देत नाही. महापे, घणसोली, कोपरखैरण्यातल्या कुटुंबांनी तरतूद करायची ती सनदेनंतरच्या वर्षांसाठी.

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. दोन्हींचा प्रवेश बहुतेक कॉलेजांत राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. चर्चगेटचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा एखादं अनुदानित कॉलेज मिळालं, तर वर्षाची फी काही हजारांत भागते. विनाअनुदानित कॉलेजांत ती कितीतरी वाढते आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत लाखांवर जाते. न्यायसेवेच्या परीक्षेत गुण मिळतात ते उत्तरांना, कॉलेजच्या नावाला नाही. म्हणून ध्येय हेच असेल तर स्वस्तातलं चांगलं कॉलेज घ्यावं आणि पैसे पुढच्यासाठी राखावेत. जुनी पुस्तकं घेताना जपून. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. जुन्या फौजदारी कायद्यांची पुस्तकं स्वस्त मिळाली तरी फारशी उपयोगाची नाहीत.

सनदेसाठी पूर्वी अनेक राज्यांत १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेतली जाई. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. आता नोंदणीचे कायदेशीर शुल्क एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. वर मुद्रांक शुल्क असेल तेवढंच. कुणी ‘इतर खर्च’ म्हणून जास्त मागितले तर लेखी कारण मागा. अखिल भारतीय बार परीक्षेचे साधारण साडेतीन हजार वेगळे धरा.

आता सनदेनंतरच्या वर्षांकडे येऊ. २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. कॉलेजातून थेट परीक्षेला बसायचा रस्ता त्यामुळे बंद झाला. ज्युनिअरला मिळतं किती? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन सुचवलं. ही केवळ शिफारस आहे, बंधन नाही, आणि तेवढे न देणारे सीनिअर पुष्कळ आहेत. ठाणे किंवा बेलापूरच्या कोर्टात रोजचं जाणं-येणं, कोट-गाऊन, पुस्तकं हे सगळं त्यातूनच करायचं. घरातून तीन वर्षं जेवण आणि छप्पर मिळत असेल तरच हे जमतं, ही या नियमाची कठोर बाजू आहे. ज्यांच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्यांनी सीनिअर निवडताना विद्यावेतनाचं आधीच स्पष्ट बोलून घ्यावं. त्यात संकोच नको.

महापे एमआयडीसीतल्या मुलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कंपनीच्या विधी विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते आणि तो काळ वकिलीत मोजला जात नाही. पगार चांगला असतो, पण न्यायसेवेचं घड्याळ तिथे थांबतं. कामगार खटल्यांची आवड असेल तर ठाण्याच्या कामगार न्यायालयात वकिली करावी. याच पट्ट्यातल्या कारखान्यांचे वाद तिथे येतात. वकिलीच्या दाखल्यासाठी कुठल्या प्रकरणात, कधी हजर राहिलो याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

कनिष्ठ स्तराची परीक्षा एमपीएससी घेते: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. मराठी नीट बोलता, वाचता, लिहिता येणं आवश्यक आहे. अर्जाचं शुल्क क्लासच्या फीपुढे किरकोळ असतं. वयोमर्यादा मात्र प्रत्येक जाहिरातीत तपासावी. निवड झाल्यावर मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होतं. प्रशिक्षणासाठी लांब जावं लागत नाही, महाराष्ट्र न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे.

हायकोर्टासाठी परीक्षा नाही, अर्ज नाही, शुल्कही नाही. दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा ही घटनेतली किमान पात्रता. नाव सुचवतं ते मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम. मूळ वेतन २ लाख २५ हजार, निवृत्ती ६२व्या वर्षी. महापे ज्या ठाणे जिल्ह्यात येतं, तिथलंच उदाहरण न्यायमूर्ती अभय ओक यांचं. १९८३मध्ये त्यांनी ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या चेंबरमधून सुरुवात केली, २००३मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे हायकोर्टालाच वीस वर्षं. खालच्या न्यायालयातून बढतीने जाणाऱ्यांना बहुतेकदा याहून उशीर होतो आणि हायकोर्टात थोडीच वर्षं मिळतात.

कनिष्ठ स्तराची परीक्षा हुकली तरी सात वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीश पदाची थेट भरती आहे. ती मुंबई उच्च न्यायालय स्वतः करतं आणि सुरुवातीचं मूळ वेतन १,४४,८४० रुपये आहे. तिची जाहिरात उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते, एमपीएससीच्या नाही.