विधी शाखेच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?



माजरीसारख्या खाणीच्या गावात बारावीनंतर काय, या प्रश्नाची उत्तरं बरीच वर्षं ठरलेली असायची. आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, नाहीतर बी.ए. आता काही मुलं-मुली विधी शाखेचीही चौकशी करतात. कोणी चंद्रपूरच्या शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालयाचं नाव घेतं, कोणी नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयाचं, तर कोणी क्लॅट देऊन महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं म्हणतं. प्रवेशाचं जरा मार्गी लागलं की घरात पुढचा प्रश्न येतो, "लॅपटॉप लागेल म्हणतात. कोणता घ्यायचा?"

बऱ्याच घरांसाठी ही त्या वर्षातली फीनंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते. यात दोन प्रकारे पैसे वाया जातात. एक तर दुकानदार गेम खेळण्याचं महागडं मशीन गळ्यात मारतो. नाहीतर "सध्या चालेल" म्हणून आपण इतकं स्वस्त मशीन घेतो की दुसऱ्या वर्षात ते रडायला लागतं. म्हणून या लेखात मॉडेलची नावं देत नाही, ती दर सहा महिन्यांनी बदलतात. कसं निवडायचं ते बघू.

१. आधी काम काय आहे ते समजून घ्या

विधी शाखेच्या विद्यार्थ्याचं लॅपटॉपवरचं काम तीन शब्दांत सांगता येतं : वाचणं, शोधणं आणि लिहिणं.

वाचणं म्हणजे किती? खासगीपणाच्या हक्कावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल ५४७ पानांचा आहे. सगळाच पहिल्या वर्षी वाचायचा नसतो, पण हवा तो परिच्छेद त्यात शोधता यायला हवा.

दुसरी गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला आली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात ५११ कलमं होती, नव्यात ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ झालं. पण गेल्या दीडशेहून जास्त वर्षांचे निकाल जुन्याच क्रमांकांनी लिहिलेले आहेत. त्यामुळे मुलांना एका बाजूला जुना निकाल आणि दुसऱ्या बाजूला नवा कायदा, असं दोन्ही एकाच वेळी उघडून वाचावं लागतं. मोबाइलवर हे जमत नाही. लॅपटॉप का हवा, याचं हे सगळ्यात सोपं उत्तर.

लिहिण्याचं कामही कमी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत मसुदा लेखनाच्या प्रात्यक्षिक विषयासाठी ३० सराव ठरवून दिले आहेत, १५ दावे-अर्जांचे आणि १५ दस्तऐवजांचे. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. वकिलांच्या ऑफिसात बसलं की टायपिंग आलंच.

या यादीत व्हिडिओ एडिटिंग नाही, थ्रीडी डिझाइन नाही, गेम नाहीत. खरेदी करताना हे डोक्यात पक्कं ठेवा.

२. पैसे इथे घाला

*कीबोर्ड.* जाहिरातीत याबद्दल कोणी बोलत नाही, पण मुलाचे हात सगळ्यात जास्त वेळ इथेच असणार. बटणं दाबल्यावर नीट खाली जातात का, मधला भाग दबतो का, हे हाताने बघा. रात्री वसतिगृहात दुसरे झोपलेले असताना अभ्यास करायचा असेल, तर बटणांखाली दिवा असलेला कीबोर्ड कामी येतो.

*स्क्रीन.* १४ इंचाची, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, आणि चकाकी नसलेली. १३६६ × ७६८ च्या जुन्या स्क्रीनवर दोन पानं शेजारी-शेजारी धड दिसत नाहीत. स्क्रीन थोडी तिरपी करून बघा. रंग उलटे दिसले किंवा अक्षरं फिकी पडली तर ते मशीन सोडा. तासन्‌तास वाचायचं आहे, डोळे मुलाचे आहेत.

*रॅम.* कमीत कमी ८ जीबी. बजेट असेल तर १६. ८ जीबीचं घेत असाल तर एकच प्रश्न विचारा, "पुढे वाढवता येते का?" काही मशीनमध्ये रॅम बोर्डवरच पक्की जोडलेली असते, तिथे नंतर काही करता येत नाही.

*साठवण.* एसएसडीच हवी, ५१२ जीबी असेल तर उत्तम, २५६ मध्येही भागतं. सगळ्यात स्वस्त मशीनमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची 'ईएमएमसी' असते, ती घेऊ नका. विंडोजचे अपडेट आले की ६४ जीबीत पाय ठेवायला जागा उरत नाही.

*बॅटरी आणि वजन.* माजरीहून भांदक, ताडाळी करत रेल्वेने चंद्रपूरला रोज जाणं-येणं करणाऱ्या मुलाच्या पाठीवर पुस्तकंही असतात. दीड किलोच्या आसपासचं मशीन बघा. "दहा तास चालते" यावर जाऊ नका, बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते विचारा. ५० किंवा त्याहून जास्त असेल तर कॉलेजचा दिवस बहुधा निघतो. वर्गात प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो.

३. इथे वाचवा

वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. त्याने किंमत वाढते, वजन वाढतं आणि बॅटरी लवकर संपते. आय-७ किंवा आय-९ प्रोसेसर नको. चालू पिढीतला आय-३ किंवा रायझन ३ या कामाला पुरतो, आय-५ किंवा रायझन ५ असेल तर चार-पाच वर्षं निवांत जातात. मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी सेलेरॉन टाळा. टचस्क्रीन, फिरणारी स्क्रीन, १ टीबी साठवण हे सगळं सोडता येण्यासारखं आहे.

बजेट कमी पडत असेल तर काय कापायचं, याचा क्रम असा ठेवा : आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसरची पायरी, मग साठवण ५१२ वरून २५६. रॅम, स्क्रीन आणि कीबोर्ड मात्र कापू नका.

जुनं घ्यायचं असेल तर ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मालिकेतले लॅपटॉप चांगले पडतात, त्यांचे कीबोर्ड टिकाऊ असतात. दोन अटी पाळा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं मशीन हवं. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचं. दुसरी अट, बिल आणि लेखी वॉरंटी मिळालीच पाहिजे. क्रोमबुक स्वस्त दिसतं, पण त्यावर नेहमीचा वर्ड चढत नाही आणि बरंच काम इंटरनेटवर अवलंबून राहतं. गावातलं नेटवर्क आपण जाणतोच.

४. मराठी टायपिंगचं विसरू नका

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, पण वरोरा-भद्रावतीच्या तालुका न्यायालयात पक्षकार मराठीत बोलतो, अर्ज मराठीत लिहिला जातो, सातबारा आणि फेरफारही मराठीतच असतो. म्हणून पहिल्या सुट्टीतच युनिकोड मराठी टायपिंग शिकायला लावा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त सुरू करायचा. इनस्क्रिप्ट पद्धत शिकायला एक-दोन महिने लागतात, पण ती जन्मभर पुरते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो. युनिकोडमध्ये तो प्रश्नच येत नाही.

५. "ऑफिस टाकून देतो, फुकट!"

दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. कॉपीराइट अधिनियम, १९५७ चं कलम ६३-ब असं सांगतं की, चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. कायदा शिकायला निघालेल्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी अशी वस्तू देऊ नका. अशा सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

मार्ग आहेत. लॅपटॉपसोबत अधिकृत ऑफिस मिळतं का ते विचारा, आणि ते कायमचं आहे की काही महिन्यांचं, हे बिलावर लिहून घ्या. लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे. कॉलेजकडून स्वतःचा ई-मेल मिळाला तर मायक्रोसॉफ्टची विद्यार्थ्यांसाठीची मोफत सोयही बऱ्याचदा मिळते.

अभ्यासाच्या साहित्याचंही तसंच. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून 'ई-एससीआर' वर मोफत मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. 'इंडियन कानून' वरही निकाल शोधता येतात. मनुपत्र, एससीसी ऑनलाइन यांची वर्गणी मोठी असते. ती कॉलेज भरतं का हे विचारा, घरून भरू नका.

६. दुकानात करायची दहा मिनिटांची परीक्षा

घरून निघताना एका पेनड्राइव्हवर तीन फाइल घ्या : भारताचं संविधान, वर सांगितलेला पुट्टस्वामी निकाल, आणि कोल बेअरिंग एरियाज अधिनियम, १९५७. हा तिसरा कायदा आपल्या भागाला नवा नाही. कोळशासाठी जमीन ज्या कायद्यांखाली घेतली जाते, त्यातला हा एक प्रमुख. आता मुलालाच मशीनसमोर बसवा.

- तिन्ही फाइल एकदम उघडायला सांगा. उघडायला वेळ लागतो का बघा.
- कोळशाच्या कायद्यात कलम ८ शोधायला सांगा. जमीन घेण्याच्या इराद्याची कलम ७ ची अधिसूचना निघाली की ३० दिवसांच्या आत हरकत घेता येते, ते हेच कलम.
- स्क्रीनच्या अर्ध्या भागात तो कायदा आणि अर्ध्या भागात कोरं पान ठेवून, कलमाचा अर्थ पाच ओळींत टाइप करायला सांगा. मान पुढे काढावी लागते का? बोटं चुकतात का?
- ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडा आणि परत फाइलवर या. मशीन अडखळलं तर समजा, रॅम कमी आहे.

ही परीक्षा मशीनची आहेच, पण मुलासाठी तो पहिला धडाही आहे. नोटीस आपल्या गावात नेहमीच येते. तिच्यातले ३० दिवस कुठे लिहिले आहेत हे वाचून सांगणारं माणूस घरात असलं, तर तेवढ्या दिवसांत अर्ज लिहून होतो.

७. आपलं ऊन, आपली धूळ

लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावा अशा बेताने बनवलेला असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत जड काम करू नये. गादीवर ठेवून वापरू नये, खालची झरोकी बंद होतात. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नये. कोळशाची बारीक धूळ पंख्यातून आत शिरते, म्हणून काम झालं की बंद करून कव्हरमध्ये ठेवावा आणि वर्षातून एकदा आतून साफ करून घ्यावा. चार्जर तीन पिनांचा असेल तर अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. सर्व्हिस सेंटर चंद्रपूरला आहे की नागपूरला, आणि आपल्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

८. कधी घ्यायचा, पैसे कसे उभे करायचे

सीईटीचा निकाल लागला म्हणून लगेच धावू नका. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, आणि कॉलेज ठरल्यावर गरज बदलू शकते. प्रवेश पक्का झाला की कॉलेजला तीन प्रश्न विचारा : प्रकल्प टाइप करून द्यावे लागतात का? ग्रंथालयात कॉम्प्युटर किती वाजेपर्यंत मिळतो? वर्गणीचे डेटाबेस आहेत का? उत्तरं चांगली असतील तर पहिलं सत्र लॅपटॉपशिवायही निघतं. परीक्षेचे पेपर हातानेच लिहायचे असतात, हेही लक्षात ठेवा. लॅपटॉप उशिरा आला म्हणून मूल मागे पडत नाही. सावकाराचं कर्ज काढून तो आणू नका.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेला आधीच सांगा. अभ्यासक्रमासाठी गरजेचा असेल तर वाजवी किमतीचा कॉम्प्युटर या कर्जाच्या आदर्श योजनेत धरता येतो. 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात तिथे रोख किंमत आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज कागदावर शेजारी-शेजारी मांडा. फरक तुम्हालाच दिसेल.

शिक्षकांसाठी दोन शब्द

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात अकरावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास मराठी युनिकोड टायपिंग आणि 'इंडिया कोड' वर एखादं कलम शोधणं, एवढं जरी शिकवलं तरी खूप झालं. लॅपटॉप घरी यायच्या आधीच त्याचं काम त्यांना कळलेलं असेल, आणि दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी ती फसणार नाहीत.

हा लेख गरजू पालकांपर्यंत पोहोचवा. खरेदीला जाताना सहाव्या मुद्द्याची यादी कागदावर लिहून सोबत न्या.