जंगलतोडीच्या कुपांवरील आठवणी : गावच्या इतिहासाचा एक पाठ



पालघर, डहाणू, जव्हार, मोखाडा, शहापूर या भागांतील शाळांत इतिहास शिकविताना एक अडचण वारंवार जाणवते. पाठ्यपुस्तकातील इतिहास मुलांना परका वाटतो, आणि ज्या कष्टांवर त्यांच्या घरादाराचे आयुष्य गेले, त्यांचा उल्लेख पुस्तकात सहसा आढळत नाही. आपल्या गावातील वृद्धांपैकी अनेकांनी तरुणपणी जंगलाच्या कुपांवर लाकूडतोड केलेली आहे. त्यांच्या तोंडून तो इतिहास मुलांनी ऐकावा व लिहून घ्यावा, असा हा पाठ आहे. इयत्ता पाचवीपासून पुढे तो घेता येईल.

पार्श्वभूमी

शिक्षकाने आरंभी पुढील गोष्टी स्वतः समजून घ्याव्यात. तोडीसाठी वनखाते जंगलाचे भाग पाडते. अशा एका वर्षाच्या भागास कूप म्हणतात. पूर्वी कुपांचा लिलाव होई व ठेकेदार तो घेई. पावसाळा संपला की वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबे कुपावर जात, झाप बांधून राहत आणि पाऊस तोंडावर आला की परतत. साग, ऐन व खैर यांची तोड होई. हलक्या लाकडाचा कोळसा पाडून तो शहराकडे धाडीत. मजुरी अत्यल्प असे. खावटीच्या व लग्नाच्या कर्जापायी माणूस सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे अडकून पडे. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने या स्थितीविषयी सरकारला दिलेला अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. १९४५ साली वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठ बंद करणे आणि गवत कापणी व जंगलकामाची योग्य मजुरी मिळणे या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याची हकीकत सांगितली आहे. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघू लागल्या व ठेकेदाराऐवजी त्यांना कूप मिळू लागले. वेठबिगारीस कायद्याने पूर्ण बंदी १९७६ साली झाली.

कोणाकडे जावे

१९४५ साली कर्ती असलेली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत. आज पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचे जे वृद्ध आहेत, त्यांना साठ-सत्तरच्या दशकांतील कूप स्वतः आठवतो. त्याआधीचे त्यांनी आईवडिलांकडून ऐकलेले असते. म्हणून वहीत दोन रकाने आखावेत : ‘पाहिलेले’ व ‘ऐकलेले’. दोन्ही मोलाचे आहेत, परंतु त्यांची सरमिसळ होता कामा नये. स्त्रियांकडे अवश्य जावे. लाकडे ओढणे, साल काढणे, पाणी व स्वयंपाक, आणि झापातच झालेली बाळंतपणे, हे त्यांच्यावाचून कोण सांगणार?

प्रश्न कसे असावेत

‘तेव्हाचे जीवन कसे होते?’ असे विचारल्यास ‘लई कष्ट होते’ एवढेच उत्तर येते. प्रश्न वस्तूला धरून असावा. कुऱ्हाडीचा दांडा कोणत्या लाकडाचा? बुंधा जमिनीलगत का तोडीत? (त्यातून पुन्हा फुटवा यावा म्हणून.) झाडावर हातोड्याचा शिक्का कोण मारी? माप घनफुटाने होई की खंडीने, आणि मापताना आपले माणूस जवळ असे काय? सोसायटी आल्यावर काय बदलले, काय बदलले नाही? झाड अंगावर पडल्यास माणसाला कोठे नेत?

वृद्धांना सन आठवत नाहीत, यात नवल नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोणत्या कुपावर होता?’ असे विचारले म्हणजे १९६७ हे साल हाती लागते. १९७२ चा दुष्काळही तसाच उपयोगी पडतो.

नोंद कशी ठेवावी

सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहावेत. मुलाने वारली बोलीतले वाक्य ‘शुद्ध’ करून आणले, तर ते सौम्यपणे परत करावे. एकच घटना दोघांनी वेगळी सांगितली, तर दोन्ही नोंदवाव्यात. कोण खोटे बोलला याचा निवाडा वर्गात करू नये. नोंद झाल्यावर ती सांगणाऱ्यास वाचून दाखवावी. त्याने एखादी गोष्ट गाळावयास सांगितली, तर ती गाळावी. कर्ज, मारहाण व अपमान यांविषयी चारचौघांत विचारू नये. तो आपण होऊन बोलला तर शांतपणे ऐकावे.

हे काम कशासाठी

कोणी म्हणेल, परीक्षेत याचे गुण काय? त्यास उत्तर असे की, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गावच्या वृद्धांचे लेखी उतरविलेले निवेदन हा पुराव्याचा एक प्रकार मानला आहे. आपल्या वह्या म्हणजे दाव्याचे कागद नव्हेत, व तसे त्यांस भासवू नये. तथापि म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला कायद्यानेही वजन दिले आहे, हे मुलास कळले म्हणजे तो शब्द नीट ऐकण्याची व पदरचे न घालता लिहिण्याची सवय त्याला लागते. भाषा व इतिहास या दोन्ही विषयांचा हाच पाया आहे.

आणखी एक गोष्ट आहे. कुपावर जाणाऱ्या आईबापांबरोबर मुले जात आणि त्यांची शाळा सुटे. आज कूप राहिले नाहीत म्हणावे इतके कमी झाले आहेत, परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांमुळे आपल्या हजेरीपटावर तेच गैरहजेरीचे फुले पडतात. आजोबांची शाळा कशी सुटली हे ज्या वर्गाने लिहून घेतले, त्या वर्गास आपला सोबती का आला नाही, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि तो परत आला म्हणजे त्याला हसणारेही कोणी राहत नाही.

प्रत्येक शाळेने या सत्रात निदान तीन वृद्धांच्या आठवणी नोंदवून वह्या शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात. केंद्राच्या मासिक सभेत त्यांतील एक वही वाचली जावी, अशी विनंती आहे.