सगळ्या तक्रारी एकाच कागदावर

चि. मनूस,


तुझा मेसेज वाचला. केस गळतात, जिना चढताना धाप लागते, तळपायांना मुंग्या येतात, वरचेवर तोंड येतं. केसांसाठी तू त्वचातज्ज्ञाकडे गेलीस, मुंग्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि तोंड आलं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्यास. प्रत्येकानं आपापल्यापुरतं पाहिलं. सगळं मिळून कुणीच पाहिलं नाही.

आधी एक कागद घे. कोणता त्रास कधी सुरू झाला, कशानं वाढतो, पाळीत रक्तस्राव किती होतो, खाणं काय, झोप किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं लिही. क्षुल्लक वाटलं तरी गाळू नकोस. बर्फ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर तेही लिहायला लाजू नकोस. लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. मग तो कागद घेऊन एकाच फॅमिली डॉक्टरांकडे जा.

लॅबमध्ये नोकरी केली म्हणून सांगते, अशा तक्रारींमागे बरेचदा साधीच कारणं निघतात. लोह कमी पडलं की थकवा, धाप, केसगळती. बी-१२ कमी पडलं की मुंग्या, लाल झालेली जीभ. थायरॉईड मंदावलं की सुस्ती, केसगळती, बद्धकोष्ठ. आपण शाकाहारी, बी-१२ आपल्याला मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून आणि तू तर मेसमधलं ताकही सोडलंस. वर जेवण झालं की लगेच चहा, म्हणजे पानातलं लोह अंगी लागायचं तेही कमी.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉईड), साखर या तपासण्यांतलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर तो रक्तक्षय. पण 12 च्या वर आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शरीरातला लोहाचा साठा त्याआधीच आटलेला असू शकतो. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर ते डॉक्टरांना आणि लॅबमध्येही सांग. त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. तपासणीआधी मनानं बी-१२ सुरू केलंस तर तोही आकडा फसवा येईल.

कधी सगळ्या त्रासांचं मूळ एक निघतं, कधी दोन-तीन. रिपोर्ट नॉर्मल आले आणि कुणी 'मनाचे खेळ' म्हणालं, तरी गप्प बसू नकोस. त्रास खरा आहे, पुन्हा जा. ताण आणि अपुरी झोप यांचीही मोकळेपणानं चौकशी होऊ दे. मात्र छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर कागदबिगद राहू दे, तडक हॉस्पिटल गाठ.

रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसणं आजपासून बंद. कागद आज लिही, उद्या डॉक्टरांची वेळ घे आणि मला फोन कर.

तुझी,
आत्या