ओठांतील फिलर : नंतरचे पंधरा दिवस

ओठ भरदार दिसावेत म्हणून त्यांत इंजेक्शनने ‘फिलर’ भरून घेण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. हा उपचार करावा की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु केला असेल, तर पुढे काय सांभाळावे हे रुग्णाला आणि घरच्यांनाही माहीत असले पाहिजे.

बहुतेक फिलर हायलुरॉनिक आम्लाच्या जेलचे असतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत व डोळ्यांत निसर्गतःच असतो. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली तो गुरांच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून ओठ फुगीर दिसतात. शरीर त्याचे हळूहळू विघटन करते. त्यामुळे परिणाम साधारण ६ ते १२ महिने टिकतो.

पहिले दोन दिवस : सुईच्या जखमेमुळे सूज येणारच. ती पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त असते आणि सकाळी उठल्यावर अधिक जाणवते. एक बाजू दुसरीपेक्षा जाड दिसली तरी घाबरू नये. बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटे हलकेच धरावा, थेट ओठांवर ठेवू नये. झोपताना डोक्याखाली एखादी जास्त उशी घ्यावी. काळेनिळे डाग आठ-दहा दिवसांत जातात. दुखल्यास पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन यांनी रक्त अधिक साकळते, म्हणून ती मनाने घेऊ नयेत. मात्र हृदयरोगासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नये.

हे टाळावे : पहिला दिवस लिपस्टिक लावू नये. दोन दिवस वाफारा, चुलीची धग, कडक ऊन, धावपळीचा व्यायाम व मद्यपान नको. कढत चहा आणि झणझणीत रस्साही थोडे दिवस बाजूला ठेवावा. तंबाखू, मशेरी व सिगारेटने जखम भरायला वेळ लागतो. गाठ लागते म्हणून ओठ चोळू नयेत. मालीश डॉक्टरांनी सांगितली तरच करावी. हळद, तुरटी, टूथपेस्ट असे काहीही लावू नये. दातांचे काम दोन आठवडे पुढे ढकलावे.

खरा धोका कोणता? वरच्या व खालच्या ओठांतून रक्तवाहिन्या जातात. क्वचित फिलर रक्तवाहिनीत शिरतो किंवा बाहेरून तिला दाबतो आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी ओठ किंवा आसपासची त्वचा पांढरीफटक पडते, मग तिच्यावर जाळीसारखे जांभळट चट्टे उमटतात. वेदना सुजेच्या मानाने फार असते. परंतु अनेक फिलरमध्ये बधिरीचे औषध मिसळलेले असल्याने सुरुवातीला दुखणे जाणवतही नाही. म्हणून आरशात नीट पाहावे. बोटाने दाबून सोडल्यावर लाली दोन-तीन सेकंदांत परतली नाही, तर शंका घ्यावी.

येथे घरगुती इलाज करण्यात वेळ घालवू नये, बर्फही लावू नये. हायलुरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने हा जेल विरघळतो. ते जितक्या लवकर मिळेल तितकी त्वचा वाचते. येथे हिशेब दिवसांचा नसून तासांचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच जागी पांढरट पुळ्या येतात आणि ‘उष्णतेचे फोड’ म्हणून दुर्लक्ष होते. ही चूक महागात पडते. दिसणे अंधूक झाले, तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

ज्यांना तापानंतर ओठांवर पाणीदार फोड येतात, त्यांना सुई टोचल्याने ते पुन्हा उठू शकतात. ही गोष्ट आधीच सांगितल्यास डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. दोन आठवड्यांनंतरही गाठ राहिली, किंवा पुढे काही महिन्यांनी ओठ लाल, गरम होऊन सुजले, तरी दाखवून यावे. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी हा उपचार करू नये.

उपचारापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सुई देणारी व्यक्ती पात्र डॉक्टर आहे काय? हायलुरॉनिडेज दवाखान्यात तयार ठेवलेले आहे काय? रात्री अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? ब्यूटी पार्लरमधील स्वस्त इंजेक्शन घेऊ नये. सिलिकॉनसारखे पदार्थ तर हायलुरॉनिडेजने विरघळतही नाहीत. फिलरचे नाव व बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी मागून जपून ठेवावी. परगावी जाऊन उपचार घेतला असेल, तर त्याच संध्याकाळची एस.टी. पकडण्याऐवजी शक्यतो एक रात्र तेथेच मुक्काम करावा.

सूज उतरण्याची वाट पाहावी. पांढरेपणा जाण्याची वाट मात्र पाहू नये.