सरीसृपांचे वर्गीकरण व सर्पदंश : अगदतंत्राच्या दृष्टीने

अगदतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. त्यातील सर्पविषाचे प्रकरण नीट समजण्यासाठी सरीसृप वर्गाचा परिचय आवश्यक आहे.

सामान्य लक्षणे : त्वचा कोरडी व खवलेयुक्त, श्वसन फुप्फुसांद्वारे, शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून. मगरीचे हृदय चार कप्प्यांचे, इतरांचे तीन कप्प्यांचे असते. बहुतेक सरीसृप कवचयुक्त अंडी घालतात. घोणस व फुरसे मात्र पिलांना जन्म देतात.

आधुनिक गण : (१) कासवे, (२) मगर-सुसरी, (३) सरडे, पाली व साप, (४) केवळ न्यूझीलंडमध्ये आढळणारा टुआटारा.

संहितोक्त वर्गीकरण : सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पांचे ८० भेद सांगितले आहेत : दर्वीकर २६, मंडली २२, राजिमंत १०, निर्विष १२ व वैकरंज १०. दर्वीकर वातप्रकोपक व दिवाचर. मंडली पित्तप्रकोपक व रात्रिचर. राजिमंत कफप्रकोपक असून रात्रीच्या अंतिम प्रहरी संचार करणारे. फणाधारी नाग दर्वीकरांत, मंडले असलेली घोणस मंडलींत आणि पट्टेदार मण्यार राजिमंतांत सामान्यतः धरली जाते.

व्यवहारातील सावधगिरी : ही जुळणी अभ्यासास उपयुक्त आहे, निदानास पुरेशी नाही. संहितेत राजिमंतदंशात शोथ वर्णिला आहे. प्रत्यक्षात मण्यारीच्या दंशस्थानी शोथ व वेदना बहुधा नसतातच. जमिनीवर झोपलेला रुग्ण पहाटे पोटदुखी, जड पापण्या वा गिळण्यास त्रास घेऊन आला, तर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावा. त्याच अध्यायात सांगितलेला उच्छ्वासनिरोध येथे थोड्याच तासांत प्रत्यक्षात उतरू शकतो. घोणस व फुरसे यांच्या दंशात शोथ आणि रक्तस्राव प्रधान असतात.

बिनविषारी कवड्या सापास मण्यार समजले जाते, तसेच उलटही घडते. म्हणून सर्प ओळखण्यात वेळ दवडू नये. अरिष्टाबंधन, छेदन व आचूषण ही कर्मे संहितोक्त असली तरी आज ती करू नयेत. घट्ट बंधाने, विशेषतः घोणसदंशात, अवयव गमावण्याचा धोका असतो. दंशाचा अवयव फळीने स्थिर ठेवावा, रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये व प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. भारतीय प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर एकत्रित असते.

औषधविक्रेत्यांसाठी : 'हत्थाजोडी' या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू अनेकदा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा हत्थाजोडी वा घोरपडीचे तेल दुकानात ठेवणे हा दंडनीय अपराध ठरतो.

शास्त्राभिमान व रुग्णहित यांत विरोध नाही. वेळेवर पाठविलेला रुग्ण हेही वैद्याचेच यश होय.