खरं पुस्तक उशिरा निघतं

आमचा गट मुळात भिशीचा. साताऱ्यातल्या एकाच आळीतल्या नऊ जणी. अकरा वर्षांपूर्वी पैशांवरून दोघींचं चांगलंच वाजलं आणि भिशी बंद पडली. पण महिन्यातून एकदा भेटायची सवय काही जाईना. मग आमच्यातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी सुचवलं, "पैसे नकोत, पुस्तकं आणा. जिनं तिनं आपल्याला घडवणारं एक पुस्तक सांगायचं. पण बाईनं लिहिलेलं." बाईनंच का, असं एकीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "पुरुषांची शाळेनं वाचून घेतलीच की सगळी. ह्यांची आपली आपण शोधावी लागली."

त्या अकरा वर्षांत जे कळलं ते लिहून ठेवते आहे. पुस्तकांबद्दल कमी आहे, बायकांबद्दल जास्त.

१. पहिल्या फेरीतलं उत्तर खरं धरू नये

पहिल्या शनिवारी नऊ जणींपैकी तिघींनी 'युगांत' सांगितलं. एकीनं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', दोघींनी बहिणाबाईंची गाणी. एकीनं 'आहे मनोहर तरी' म्हटलं, पण दाराकडे बघून, हळू आवाजात. 'युगांत' सांगणाऱ्या तिघींत मी होते. १९६७ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार, इरावतीबाई कर्व्यांनी कुंतीला आणि द्रौपदीला माणूस म्हणून कसं पाहिलं वगैरे मी दहा मिनिटं बोलले. छान बोलले. त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त त्या पुस्तकानं माझं आयुष्य घडवलेलं नव्हतं.

बाहेर जाताना आपण कपाटातली इस्त्रीची साडी काढतो, तसं हे. घरात दिवसभर अंगावर असतं ते वेगळंच. आमच्यातल्या बहुतेकींचं अंगावरचं पुस्तक बाहेर यायला तीन-चार वर्षं गेली. माझं सातव्या वर्षी आलं.

२. स्वयंपाकाचं पुस्तक हेही पुस्तकच

पहिलं खरं उत्तर दुसऱ्या वर्षी आलं, तेही माफी मागत. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "हसू नका हं. माझं पुस्तक 'रुचिरा'." आम्ही हसलोच.

मग त्यांनी सांगितलं. आई लहानपणी गेलेली. विसाव्या वर्षी लग्न होऊन अकरा माणसांच्या घरात आल्या, तेव्हा वरणाला हिंग कधी घालतात तेही ठाऊक नव्हतं. सासूबाईंना विचारावं तर उत्तर एकच, "अंदाजानं." वहिनी म्हणाल्या, "अंदाज कुणाला येतो? जिला लहानपणी कुणीतरी ओट्यापाशी उभं केलं तिला. मला कुणी केलं नव्हतं." नवऱ्यानं साताऱ्यातूनच 'रुचिरा' आणून दिलं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली त्यात सगळं वाटी-चमच्याच्या मापात लिहिलं होतं. ज्यांच्या घरी तराजू नाही आणि शिकवणारं माणूसही नाही, त्यांना पुरेल असं. वहिनी रात्री सगळे झोपल्यावर ते वाचायच्या आणि सकाळी पान तोंडपाठ करून ओट्याशी उभ्या राहायच्या. सहा महिन्यांत टोमणे थांबले.

तेवढ्यात 'ऋतुचक्र'वाल्या काकू म्हणाल्या, "दुर्गाबाईंनीसुद्धा 'खमंग' लिहिलंय की." म्हणजे 'रुचिरा'ला एका विदुषीचं प्रमाणपत्र मिळालं. पण त्याची गरज नव्हती. ज्या पुस्तकामुळं एका पोरीला भर पंगतीत मान वर करता आली, ते पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं हे आपण कोण ठरवणार?

३. काय लिहिलं याबरोबर कसं लिहिलं हेही विचारावं

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आम्ही दोन महिने पुरवून पुरवून वाचलं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, टिळकांचा लहरी संसार, त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, आणि हे सगळं सांगताना पिकणारा हशा. पण चर्चा खरी रंगली ती एका साध्या गोष्टीवर : लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. ज्या बाईला शाळेनं एक दिवस पाहिलं नाही, तिचं मराठी आज शाळा शिकवते.

पुढच्या महिन्यात बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घेतलं. बेबीताई आमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या. छोटं वाणसामानाचं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. लिहिलेलं नवऱ्यापासून लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. १९८६ साली ते पुस्तक होऊन आलं. आतला मजकूर तर अंगावर येतोच : महारवाड्यातली उपासमार, सासुरवास, आणि बाबासाहेबांच्या शब्दानं उठून बसलेली वस्ती. पण आमच्या 'ऋतुचक्र'वाल्या काकू अडकल्या त्या लपवण्यावर. पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझीपण एक वही आहे. तांदळाच्या डब्यामागं."

त्या वहीत काय आहे, हे आम्ही आजवर विचारलेलं नाही. पण ती वही आता तांदळाच्या डब्यामागे नसते, एवढं ठाऊक आहे.

४. "आपण बायका" असं म्हणण्याआधी आजूबाजूला बघावं

हा धडा आम्हाला खडसावून शिकवावा लागला. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' चाललं होतं. १९१० चं पुस्तक. नवरा शिकवतोय आणि घरातल्या बायकाच टोचून बोलताहेत, हे वाचून आम्ही सगळ्या हळहळत होतो. मी म्हणाले, "आपल्या आज्या-पणज्यांची हीच कथा." आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आजीला घरचे वाचू देत नव्हते. माझ्या आजीला शाळेच्या बाहेर बसवत होते. ही एक कथा नव्हे."

चहा गार झाला. पण ताई उठून गेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, मुक्ता साळवेचा निबंध. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, आणि तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आलेला. रमाबाईंच्या आठवणींच्या पंचावन्न वर्षं आधी. दुसरं, उर्मिला पवारांचं 'आयदान'. कोकणातली आई बांबूची सुपं-टोपल्या विणते आहे आणि त्यावर घर चालतं आहे. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचा पीळ एकच, असं उर्मिलाताईंना वाटतं. ताई म्हणाल्या, "हे वाचेपर्यंत माझ्या आईचे हात मला कधी दिसलेच नव्हते. फक्त हातातलं काम दिसायचं."

तेव्हापासून पुस्तकं ठरवताना आम्ही ताईंना शेवटी विचारत नाही.

५. न पटलेल्या पुस्तकाशी संसार होऊ शकतो

आमच्या एका मैत्रिणीला गौरी देशपांडे अजिबात आवडत नाही. 'एकेक पान गळावया' वाचून तिनं पुस्तक टीपॉयवर आपटलं होतं. "या बायका निघाल्या की निघाल्या. मागं भांडी कोण घासतं?" प्रश्न बिनतोड होता.

पण गंमत अशी, की त्यानंतर तिनं गौरीची एकूण एक पुस्तकं वाचली. का, असं विचारलं तर म्हणाली, "आवडत नाही गं. पण भांडायला बरी आहे. पोळ्या लाटताना मी तिच्याशीच भांडत असते." घरात आणखी कुणाशी एवढ्या बरोबरीनं भांडता येत नाही, हे ती बोलली नाही, पण आम्हाला समजलं. ज्यांची पुस्तकं आपल्याला पटतात त्या लेखिका मैत्रिणी होतात. न पटणाऱ्या जावा होतात, आणि जावांशीही आयुष्यभराचं नातं असतंच की.

६. पुस्तक जपलं नाही तर ते जातं

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेतल्या एका तरुण विधवेला पोटच्या बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला धारेवर धरलं, आणि ताराबाईंची लेखणी तापली. सगळे दोष बायकांच्याच पदरात का, असा थेट सवाल. ज्योतिरावांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. आणि हे एकुलतं एक पुस्तकही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत. मधे त्र्याण्णव वर्षं. तीन पिढ्यांच्या बायका तेच प्रश्न नव्यानं, एकेकट्या, स्वतःलाच विचारत राहिल्या असतील.

म्हणून आमचा एक नियम आहे. जिनं जे पुस्तक "माझं" म्हणून सांगितलं, त्याची एक प्रत विकत घ्यायची, पहिल्या पानावर तिचं नाव आणि दोन ओळी लिहायच्या, आणि ती गटाच्या कपाटात ठेवायची. 'रुचिरा'सुद्धा त्यात आहे.

७. किरकोळ, पण महत्त्वाचं

खायला फक्त चहा-बिस्किटं. पहिल्या वर्षी पोहे, मग कचोरी, मग ढोकळा अशी चढाओढ लागली आणि जिच्या घरी बैठक तिचं पुस्तक वाचायचं राहू लागलं. पुस्तक पुरं वाचलं नसलं तरी यायचं. नातवंडं चालतील, यजमान नकोत. ते वाईट नसतात, पण दारात उभं राहून "काय चाललंय?" असं विचारतात, आणि लगेच आम्ही सगळ्या 'युगांत'वर येतो.

८. कर्ज उशिरा कळतं

आता माझं. मी एकोणीस वर्षांची असताना आत्याच्या ट्रंकेत मला एक पुस्तक सापडलं. शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर, वर नाव नाही. आत विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. १९३३ साली ते आलं तेव्हा ही विभावरी कोण म्हणून गदारोळ उठला होता. ते नाव मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे तेव्हाच्या बाळूताई खरे यांनी, घेतलेलं. टोपणनाव घेतल्याशिवाय सांगता येऊ नये असं त्यात होतं तरी काय? शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींचं मन. एका कथेचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?'

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. अविवाहित. घरात सांगायचे, तिला लग्नच करायचं नव्हतं. ती कथा वाचली आणि ट्रंकेपाशी बसल्या बसल्या मला हिशेब लागला. आजोबांचं आजारपण, काकांचं शिक्षण, आमचं घर, माझी कॉलेजची फी. सगळं एका पगारातून आलेलं. तिचं लग्न ठरवायची घाई कुणालाच नव्हती.

मी पुस्तक होतं तसं ठेवून दिलं. तीन वर्षांनी बँकेत लागले, तेव्हा वडिलांना सांगितलं, घरखर्चाला अर्धा पगार देईन, अर्धा माझ्या नावावर राहील. वडील दुखावले. आत्या तेव्हा तिथंच भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले. माझं लग्न, माझं घर, माझ्या मुलीचं परदेशातलं शिक्षण, या सगळ्याचा पाया तो अर्धा पगार. म्हणजे मला घडवणारं पुस्तक हेच. पण त्यातून मी माझी सुटका तेवढी करून घेतली. आत्याला एका शब्दानं विचारलं नाही, की तुला काय हवं होतं? पुढं ती गेली.

हे मी सातव्या वर्षी गटात सांगितलं. सांगून झाल्यावर सगळ्या शाळेच्या बाईंकडे बघायला लागल्या, कारण त्याही अविवाहित, त्याही शिक्षिका. त्या म्हणाल्या, "विचारलं असतंस तरी तिनं सांगितलं नसतं." मला जरा हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतंस."

माझ्या प्रतीच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली मी आत्याचं नाव लिहिलं आहे. तिच्या पुस्तकावर नाव नव्हतं, म्हणून.

९. घाई करू नये

गेल्या महिन्यात आमच्यात एक नवी मुलगी आली. सव्वीस वर्षांची, घरून काम करते, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. तिलाही आम्ही तोच प्रश्न विचारला. ती क्षणभर थांबली, केस कानामागे सारले आणि म्हणाली, "युगांत." मग दहा मिनिटं बोलली. कुंतीवर, द्रौपदीवर. छान बोलली.

शाळेच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी किटली उचलली आणि त्या मुलीला विचारलं, साखर किती घालू?