महाग गोळी

मुलांनो, भाकरीचा घास खूप चावला, की गोड लागतो. लाळेतील विकर पिठापासून साखर तयार करते. आपल्या पेशींतही विकरे असतात. त्यांतील काही पेशींना वाढायला लावतात. कर्करोगात ही वाढ थांबत नाही.

जर्मनीच्या बायर कंपनीचे सोराफेनिब हे औषध अशी काही विकरे अडवते. त्याचे पेटंट बायरकडे होते. पेटंट म्हणजे ठरावीक वर्षे ती वस्तू दुसऱ्या कोणी बनवायची नाही. शोधाचा खर्च निघायला हवा, हे खरे. पण महिन्याच्या गोळ्यांना सुमारे २,८०,००० रुपये! गरिबाने काय करावे?

९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवू दिले. किंमत ९,००० रुपयांच्या आत आली. विक्रीतला थोडा वाटा बायरला द्यायचा होता. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१४ साली तेथे नॅटकोची परवानगी कायम राहिली.